दिवाळीच्या सुट्टीतली सरासरी

आमच्या सोसायटीच्या नोंदवहीत सभासदाच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना आहे. माझ्या नावापुढे सेक्रेटरींनी 'कॉम्प्युटरची काटकसर' असं लिहून ठेवलंय. ते निवृत्त एसटी कंडक्टर. मी काय करतो हे मी त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हे दोन शब्द लिहिले. इतक्या वर्षांत मला स्वतःला यापेक्षा नेमकं वर्णन सुचलेलं नाही.

पूर्वी कंपन्या आपापले कॉम्प्युटर विकत घेऊन एका थंडगार खोलीत ठेवायच्या. आता ते भाड्याने घेतात. ते कुठल्या तरी लांबच्या मोठ्या इमारतीत असतात आणि आपण इथे बसून ते वापरायचे, यालाच क्लाउड म्हणतात. मंडपवाल्याकडून लग्नासाठी दोनशे खुर्च्या आणाव्यात, तसंच. फरक एवढाच की लग्न झाल्यावर मंडपवाला खुर्च्या न्यायला येतो. क्लाउडवाले कधीच येत नाहीत. तुम्ही परत करायचं विसरलात तर त्या खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या मांडलेल्या राहतात आणि भाडं दर तासाला चालू राहतं. माझं काम म्हणजे बिल वाचायचं, रिकाम्या खुर्च्या शोधायच्या आणि परत पाठवायच्या. ऐकायला सोपं आहे. या कामात मी एकदा भरल्या मांडवातल्या खुर्च्या परत पाठवल्या, त्याची ही हकिकत.

आधी सातपूरबद्दल सांगायला हवं. तिथल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी सतरा वर्षं कॉस्टिंगला होतो. कुठल्या नगाला किती पैसे पडतात हे काढायचं. कारखाना अडचणीत आला तेव्हा मालकांनी मला एक तक्ता करायला सांगितला: पॅकिंग विभाग बंद करून ते काम बाहेर दिलं तर किती वाचतील? मी तक्ता केला. आकडे तीनदा तपासले, बरोबर होते. पॅकिंगमधली अकरा माणसं घरी गेली. दीड वर्षाने कारखाना बंद झालाच आणि मीही घरी गेलो. त्या अकरांत शोभाताई होत्या.

पुढे मी नाशिकमधल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत हिशोबाच्या कामाला लागलो. ही कंपनी कांद्याच्या बाजारांसाठी सॉफ्टवेअर बनवते. लिलावात भाव ठरला की गाडी काट्यावर जाते. भरलेल्या गाडीचं वजन, माल उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं वजन, दोन्ही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये येतात, पावती निघते आणि शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात. पहिल्या दिवशी जिना चढून गेलो तर खिडकीजवळच्या टेबलावर फोन कानाला लावून शोभाताई बसलेल्या. माझ्या आधी वर्षभर त्या तिथे लागल्या होत्या. बाजारातल्या कारकुनांना, व्यापाऱ्यांना काही अडलं की ते या टेबलाला फोन करायचे. टेबलावर शोभाताई धरून पाच माणसं आणि त्याच त्यांच्या प्रमुख.

त्यांनी फोन ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"साळवेभाऊ, तुम्ही इथंबी आलात?"

"आलो."

"तक्ता करायला?"

"नाही, पगाराचा हिशोब बघायला."

"मग बरंय," त्या म्हणाल्या आणि पुढचा फोन उचलला.

असं सगळं सुरळीत चालू होतं. मग तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या सुमारास, आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. प्रसाद सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माणूस सरळ. त्यांनी क्लाउडचं बिल माझ्यापुढे सरकवलं. त्रेचाळीस पानं, महिन्याचे अकरा लाख वीस हजार रुपये.

"साळवे, हे वाचणारा आपल्याकडे कोणी नाही. इंजिनिअर म्हणतात सगळं लागतं. तुम्ही वाचा."

"कितीपर्यंत आणायचं?"

"डिसेंबरचं बिल सात लाखांच्या आत यायला पाहिजे. नाही आलं तर मला पगारातून कापावं लागेल. फोनच्या टेबलाला महिना एक लाख तीस हजार जातात. त्याच्याऐवजी रेकॉर्ड केलेला आवाज लावता येतो. एक दाबा, दोन दाबा."

काचेतून खिडकीजवळचं टेबल दिसत होतं. शोभाताई फोनवर कुणाला तरी रागवत होत्या.

मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणत होते?" मी खोटं बोलत नाही, ती माझी अडचण आहे. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पेनाचं टोपण लावलं.

"म्हणजे तुमच्या तक्त्यात आम्ही परत आलो म्हणायचं. काढा बाई आता नीट आकडे."

मी बिल घरी नेलं आणि लाल पेन घेऊन वाचायला बसलो. आमच्या घरी विजेचं बिल आलं की मी मीटरचं रीडिंग जुळवून बघतो, त्यावरून घरात माझी चेष्टा होते. पण त्रेचाळीस पानांचं विजेचं बिल मी आधी पाहिलं नव्हतं. एकशे चौदा मशीन भाड्याने घेतलेल्या होत्या. त्यांची नावंसुद्धा गमतीदार. एकीचं 'टेस्ट दोन', एकीचं 'टेस्ट दोन नवीन', एकीचं 'टेस्ट दोन नवीन फायनल', आणि 'हात लावू नका' नावाची एक. कुणी, कशासाठी घेतली, काही नोंद नाही.

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथे टूलरूममधून साधा पाना घ्यायचा तरी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या जागेवर टांगावा लागायचा. पाळी संपली की बिल्ले बघायचे. एखादा बिल्ला लटकलेला असेल तर कुणाकडे काय राहिलंय ते लगेच कळायचं आणि पाना सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, कारण तो विमानाच्या पोटात राहिला तर माणसं मरतील. वडिलांचा बिल्ला दोनशे बाराचा. मी तीच पद्धत लावली. प्रत्येक मशीनपुढे एका जिवंत, आपल्या पगारपत्रकावर असलेल्या माणसाचं नाव पाहिजे. एक महिन्यात नाव लागलं नाही तर मशीन बंद.

इंजिनिअर मंडळींची प्रमुख केतकी. हुशार मुलगी, मला काका म्हणते. तिला ही कल्पना आवडली, पण तिच्या हाताखालच्यांना आवडली नाही. तरी महिन्याच्या शेवटी एकतीस मशीन बेवारस निघाल्या. त्यांतल्या सहा एका गृहस्थांच्या नावे होत्या आणि ते तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून कॅनडाला गेले होते. 'हात लावू नका'ला मी हात लावला. काही झालं नाही. एक लाख बेचाळीस हजार वाचले.

मग एक अशी गोष्ट सापडली की ती मी आजही पाहुण्यांना सांगतो. आमच्या सॉफ्टवेअरचा एक भाग दर सेकंदाला एका वहीत 'सगळं ठीक आहे' अशी नोंद करायचा. पूर्वी कधीतरी काहीतरी बिघडलं होतं, तेव्हा तपासासाठी कुणीतरी ते सुरू केलं आणि बंद करायचं राहिलं. त्या नोंदी साठत गेल्या आणि साठवण्याचं भाडं वाढत गेलं. सगळं ठीक आहे एवढं सांगायला आम्ही महिन्याला अडतीस हजार रुपये मोजत होतो.

इंजिनिअरांच्या सरावाच्या मशीन चोवीस तास चालू असायच्या, त्या संध्याकाळी सातला आपोआप बंद होतील असं केलं. चौसष्ट हजार. काट्यावरच्या गाड्यांचे जुने फोटो महागड्या जागेत चार चार प्रतींत होते. त्यांची एक प्रत ठेवली आणि ती स्वस्त जागेत हलवली. घरातल्या माळ्यासारखी जागा. भाडं अगदी कमी, पण वस्तू काढायची तर बारा तास थांबायचं. सत्तावन्न हजार.

या माळ्याचं पहिलं गिऱ्हाईक सटाण्याकडचे एक बाबा निघाले. शोभाताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, तीन साल पहिले मना ट्रॅक्टरना फोटो तुमनाकडे शे का?"

"कशाला पाहिजे बाबा? पैशांचं काही राहिलंय का?"

"नै वो. नवा ट्रॅक्टर व्हता, पहिलीच खेप व्हती. घरमा एक बी फोटो नै."

शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी हातानेच 'उद्या' अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. हार घातलेला ट्रॅक्टर काट्यावर उभा, बाबा बोनेटवर हात ठेवून. माळ्यावरून काढायचा खर्च तीन रुपयांच्या आत. शोभाताईंनी तो फोटो पाठवला आणि मला म्हणाल्या, "एक दाबा, दोन दाबा. याला कितवा नंबर दाबायचा भाऊ?"

दिवाळी जवळ आली तेव्हा बिल आठ लाख एकोणीस हजारांवर आलं होतं. अजून एक लाख एकोणीस हजार राहिले होते आणि किरकोळ गोष्टी संपल्या होत्या. उरल्या होत्या मुख्य दोन मशीन. सगळ्या बाजारांचे लिलाव आणि वजनं त्यांच्यावर चालायची. दोघींचं मिळून भाडं दोन लाख साठ हजार. मशीन किती वापरात आहे याचा टक्का बघता येतो. वापर कमी असेल तर लहान मशीन घ्यायची, एवढा साधा नियम.

मी दहा दिवसांचे आकडे काढले. दहाच का? कारण त्या 'सगळं ठीक आहे'च्या नोंदींचासुद्धा या मशीनवर थोडा भार पडायचा. त्या बंद झाल्यानंतरचेच दिवस धरावेत, म्हणजे आकडा शुद्ध मिळेल, असा माझा विचार. सफाई वसुबारसेच्या आदल्या दिवशी पूर्ण झाली होती. तिथून पुढचे दहा दिवस. सरासरी वापर नऊ टक्के.

मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा नऊ. केतकी सुट्टीवर, पुण्याला. तिला फोन केला.

"काका, सरासरी सोडा, सगळ्यात जास्त किती गेलाय?"

"तेवीस टक्के."

"मग चौथाईवर आणू या. बसेल तेवढ्यात."

तिने तिथूनच मशीन लहान केल्या. दोन लाख साठचे पासष्ट हजार झाले. बिल सहा लाख चोवीस हजारांवर येणार होतं. मी प्रसाद सरांना मेल लिहिला, खाली तक्ता जोडला आणि शेवटी एक वाक्य घातलं: 'हा बदल कुणाच्या लक्षातही येणार नाही.' ते वाक्य आजही माझ्या मेलमध्ये आहे. मी ते पुसलेलं नाही.

नाशिकच्या बाहेरच्या वाचकांना माझी चूक कदाचित दिसली नसेल. इथल्या शाळकरी पोरालाही दिसेल. दिवाळीत कांद्याचे बाजार आठ-दहा दिवस बंद असतात. मजूर गावी जातात, व्यापारी वह्या मिटतात. माझे दहा शुद्ध दिवस म्हणजे नेमके तेच. त्या दिवसांत मी शेजारून आलेल्या चकल्या खात होतो आणि मशीन इतक्या रिकाम्या कशा, याचा मला आनंद होत होता. सातपूरला माझी सगळी मोजमापं लोखंडाची. लोखंडाला सणवार नसतात.

बाजार उघडतात ते मुहूर्ताच्या सौद्यांनी. पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गाडीला वाढीव भाव देतात. आणि दहा दिवस घरात अडकलेला माल एकाच सकाळी बाहेर पडतो.

त्या सकाळी साडेनऊला शोभाताईंचा फोन वाजला. मी माझ्या टेबलावर चहा घेत होतो. मग दुसरा वाजला, मग पाचही.

चांदवडकडच्या एका बाजारातले कारकून, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांचा आवाज स्पीकर न लावताही ऐकू येत होता.

"ताई, गाडी काट्यावर हाय, वजन आलंय, पण पावती निघंना. नुसतं गोल गोल फिरतंय."

"किती गाड्या आहेत मागं?"

"मोजू कशा? पार हायवेपर्यंत लागल्यात. लोक लय तापलेत. एक जण म्हणतोय तुझा कॉम्प्युटरच काट्यावर घालतो."

मी कप ठेवला. पडद्यावर मशीनचा वापर उघडून बघितला. शंभर टक्के. मग माझ्या तक्त्याच्या वरच्या ओळीकडे बघितलं, जिथे मी स्वतःच्या हाताने तारखा लिहिल्या होत्या. केतकी नुकतीच आत येत होती, तिच्या खांद्याला अजून बॅग होती. मी म्हटलं, "मी सुट्टीचे दिवस मोजले." ती बॅगसकट खुर्चीवर बसली.

मशीन परत मोठ्या करायच्या तर आधी पूर्ण बंद करून चालू कराव्या लागतात आणि मग अडकून पडलेलं काम हळूहळू आत घ्यावं लागतं. केतकी म्हणाली, "दीड तास धरा."

शोभाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या चार जणांना एकेक बाजार वाटून दिला आणि तात्यांना पुन्हा फोनवर घेतलं.

"तात्या, डावीकडचा ड्रॉवर उघडा. खाली पावतीपुस्तक आहे, कार्बन लावलेलं."

"कोणी ठेवलं?"

"मी. श्रावणात आले होते तेव्हा. आता ऐका, चार रकाने. गाडीचा नंबर, भाव, भरलेलं वजन, रिकामं वजन. एक कागद शेतकऱ्याला, एक तुमच्याकडे. गाडी सोडा. दहा गाड्या झाल्या की मला फोनवर वाचून दाखवा, मी लिहून घेते."

"आन् पैसे?"

"दुपारी मशीन सुरू झाली की सगळं चढवू. एकाचाही रुपया इकडचा तिकडं होणार नाही, असं सांगा त्यांना. माझं नाव सांगा."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, नुसते बघत काय बसलात? तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

मी लिहायला बसलो. पाच फोन, सहा माणसं, आखीव कागद. साडेअकराला मशीन नीट चालू झाल्या. त्यानंतर दुपारभर आम्ही कागदावरच्या नोंदी चढवत होतो. चारशे सात गाड्या. मी प्रत्येक नोंद दोनदा जुळवली. एका गाडीत तीस किलोंचा फरक निघाला, तो माझ्याच सातच्या आकड्याचा. शोभाताईंच्या पानांत एकही चूक नव्हती.

संध्याकाळी मी प्रसाद सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि चूक माझी आहे, केतकीची नाही, असं सांगितलं. ते चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. मग म्हणाले, "म्हणजे बिल परत आठ लाख एकोणीस."

"हो. पण सर, आज त्या टेबलाऐवजी रेकॉर्ड केलेला आवाज असता तर?"

"ते मला दिसतंय. पण आकडा तसाच राहिला तर मी काय करू? डिसेंबरपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी मी माझा तक्ता घेऊन शोभाताईंच्या टेबलाशी गेलो. खुर्ची ओढून बसलो. सातपूरला सतरा वर्षांत मी कधी पॅकिंगमध्ये जाऊन बसलो नव्हतो. माझी आकड्यांची फाइल तिथून यायची, मी नाही जायचो.

"शोभाताई, बाजार कधी बंद असतात?"

"कुठला बाजार?"

"सगळे."

त्या हसल्या आणि ड्रॉवरमधून एक लांबट वही काढली. त्यात सगळं होतं. कुठला बाजार रविवारी बंद, अमावास्येला कुठे सौदे होतात आणि कुठे नाहीत, कुठे सकाळीच लिलाव होतो आणि कुठे दुपारीही, जत्रा कधी, हमालांची सुट्टी कधी. कारकून रजेवर असताना फोन लावावा लागू नये म्हणून त्यांनी ते स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं. चार वर्षांचं.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी विचारलंत का?"

त्या वहीवरून केतकीने वेळापत्रक बसवलं. लिलावाच्या दिवशी, लिलावाच्या तासांत मशीन मोठ्या. बाकीच्या वेळी चौथाई. महिन्याच्या एकूण तासांपैकी मोठ्या मशीन फक्त एक तृतीयांश तास लागतात, असं निघालं. दोन लाख साठचे एक लाख तीस झाले. जेवढा फोनच्या टेबलाचा खर्च होता, तेवढेच वाचले. मी हा योगायोग प्रसाद सरांच्या नजरेस मुद्दाम आणून दिला.

डिसेंबरचं बिल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं. सहा लाख एकोणनव्वद हजार. मी ते बिल फोनच्या टेबलावर नेऊन ठेवलं, रकमेखाली लाल रेघ मारून. शोभाताईंनी चष्मा लावला, आकडा वाचला आणि शेजारच्या चौघांना दाखवला.

"अकरा हजारांनी वाचलो की हो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तीनदा तपासलं का?"

"चारदा."

बिल्ल्यांच्या यादीत त्या दोन मुख्य मशीनपुढे पूर्वी केतकीचं नाव होतं. ते मी केतकीच्या संमतीने बदललं. आता तिथे शोभाताईंचं नाव आहे. त्यांच्या होकाराशिवाय त्या मशीन वेळापत्रकाबाहेर लहान करता येत नाहीत. नियम मीच लिहिला आणि तो मलाही लागू आहे.

परवा या वर्षीच्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मी घरी फराळाच्या पाहुण्यांत होतो. शोभाताईंचा फोन आला.

"साळवेभाऊ, उद्या बाजार उघडतात. मशीन मोठ्या केल्या का?"

"सकाळीच केल्या. मुहूर्ताला वेळापत्रकावर सोडत नाही."

"नुसतं सांगू नका. फोटो पाठवा."

मी पाहुण्यांना बसवून कॉम्प्युटर उघडला, पडद्याचा फोटो काढला आणि पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं: 'एकीचाच दिसतोय. दुसरी?'

मी उठून दुसरीचा फोटो काढला.